पहिली पसंती

नातीने जेवता जेवताच सांगून टाकलं, "आजोबा, भरला फॉर्म. लॉकसुद्धा केला."

मोबाइल माझ्या नाकासमोर आला. पाच शाखा, एकाखाली एक: कॉम्प्युटर सायन्स, आयटी, डेटा सायन्स, एआय, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर हार्डवेअर इंजिनीअरिंग.

हातातला घास मी परत ताटात ठेवला. ही पोरगी प्रोग्राम लिहिते. तिच्या आईच्या हॉस्पिटलातल्या नर्सच्या पाळ्या लावायचा प्रोग्राम तिने लिहिला, तेव्हापासून त्या वॉर्डात भांडायला विषय उरलेला नाही. पण स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की संपलंच. टेबलफॅनचा प्लग बदलायला बसली होती, तर अख्ख्या गल्लीचे दिवे गेले.

"हार्डवेअर का गं वर?"

"तुमच्यामुळे. खोलीएवढा कॉम्प्युटर बंद पडला, अकरा इंजिनीअर भिंतीला डोकं टेकून रडले, आणि तुम्ही नुसता कान लावून एक स्क्रू पिळलात. प्रोग्राम लिहिणारे बघतच राहिले. तेव्हाच ठरवलं मी."

ती गोष्ट तिने दूध प्यावं म्हणून सांगितली होती मी. पहिल्या दिवशी सांगितली तेव्हा इंजिनीअर तीनच होते.

आणि पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. तिचे मार्क असे की मिळणारच. लॉक उघडायची सोय एकदाच, तीही स्वतः प्रवेश कार्यालयात जाऊन, आज पाचपर्यंत.

आधी मी आडून आडून गेलो. "हार्डवेअरमध्ये आता पूर्वीची मजा नाही गं."

"तुम्ही म्हणे निवृत्त झालात म्हणून गेली ती."

असं म्हणालो होतो खरा.

"हे बघ," मी ताट बाजूला सारलं, "तो कॉम्प्युटर होता ना, त्या इमारतीत मी लिफ्ट चालवायचो. छत्तीस वर्षं. कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही कधी."

ती खुदकन हसली. "ही नाही जमली, आजोबा. पडली गोष्ट."

"तुझी शपथ."

"माझी शपथ तुम्ही मगर पाळल्याची गोष्ट सांगतानाही घेतली होतीत."

जन्मात एकदा खरं बोलायची वेळ आली आणि समोर गिऱ्हाईक नाही. पावणेचार झाले होते. कपाट उपसलं, कागद जमिनीवर फेकले, शेवटी पेन्शनचं पुस्तक सापडलं. हुद्दा: लिफ्टमन. खाली गोल शिक्का.

तिने ते दोनदा वाचलं. हसू कुठल्या कुठे गेलं.

"आईला माहितीये?"

"सगळ्यांनाच माहितीये. त्यांना वाटलं, मोठी झाल्यावर तुलाही कळलंच असेल."

त्यावर ती उठलीच. चपला घालून जिना उतरूसुद्धा लागली. मी मागे धावलो. धावलो म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमलं तेवढं.

कार्यालयात रांग दाराबाहेर आलेली. आमचा नंबर लागला तेव्हा पाचला बारा कमी होते.

"लॉक का उघडायचंय?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"चुकीची माहिती मिळाली होती," नात म्हणाली.

"कोणाकडून?"

ती फरशीकडे बघत राहिली. मी हात वर केला.

"तुम्ही कोण, सल्लागार?"

"आजोबा."

त्याने एक कागद सरकवला. "लिहून द्या. सही करा."

'माझ्या खोटं बोलण्यामुळे' एवढं लिहायला मला चार मिनिटं लागली. आयुष्यात मी इतकं छोटं वाक्य कधी बनवलं नव्हतं.

फॉर्म उघडला. ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि हात माऊसवर तसाच राहिला.

"मला जे आवडतं," ती हळूच म्हणाली, "ते मलाच आवडतं, की तेही तुमच्याच कुठल्या गोष्टीतलं?"

मी तोंड उघडलं.

"नको. काही बोलू नका."

"पाच मिनिटं," कारकून म्हणाला. तिने नुसती मान हलवली.

मग कॉम्प्युटर सायन्स वर नेलं. खाली आणलं. आयटी वर नेलं, तेही काढलं. मागचा मुलगा घाई करायला लागला. तिने डोळे मिटले, उघडले, कॉम्प्युटर सायन्स सगळ्यात वर ओढलं आणि लॉक केलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बरोबर केलंस."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"हे खरं?"

"खरं."

तिने मान हलवली, मघाशी कारकुनासमोर हलवली होती तशी, आणि माझ्यासाठी न थांबता पुढे चालू लागली.