गालातली हवा

बाबांना दवाखान्यात हलवलं त्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात विशेष काहीच घडलं नव्हतं, असं कुणीही शपथेवर सांगितलं असतं. काचेची भट्टी धगधगत होती, त्यांची लेक कोपऱ्यात चाकावर चंबूंच्या कडा घासत होती आणि बाबा खोकत होते. त्यांच्या धाकट्या भावाने घरी जा म्हणून हटकलं, तर म्हणाले, "सगळ्या गल्लीला सर्दी झालीय. मला काय सोन्याचं पडसं झालंय?" आणि फुंकणीच्या टोकाला लालबुंद काच घेऊन त्यांनी असा काही फुगा काढला की बोलणंच खुंटलं. काच फुंकणाऱ्यांचा हिशेब सरळ असतो: फुगा नीट आला, तर छाती ठणठणीत. बाबांना साखर होती, लहानपणापासूनचा दमा होता, हृदयही थकलं होतं; पण फुगा आला म्हटल्यावर विषय मिटला. सकाळी त्यांना चहाचा कप उचलवेना. आठवडाही निघाला नाही, बाबा गेले.

डॉक्टरीणबाईंनी लेकीला शांतपणे समजावलं. फ्लूचा विषाणू तोच, जो शेजाऱ्याला चार दिवस झोपवून निघून जातो. पण दम्याने आकसलेल्या श्वासनळ्या, साखरेने ढिली पडलेली प्रतिकारशक्ती, दमलेलं हृदय अशी दारं उघडी सापडली, की हा पाहुणा मुक्कामच ठोकतो. अशा माणसांनी लस चुकवू नये, आणि ताप आला की वाट बघत बसू नये. औषधाचा उपयोग सुरुवातीलाच जास्त. तिने सगळं ऐकून घेतलं आणि घरी आली.

पुढच्या थंडीत तोच धाकटा भाऊ, म्हणजे तिचे काका, तापले. दमा आणि साखर ही दोन्ही भावांना घराण्याची देणगी. लसीचा विषय निघाला की काका म्हणायचे, मी भट्टीपुढे उभा असतो, विषाणू भाजूनच निघेल. आता काकूंनी रडून पाहिलं, पुतणीने गाडी दारात आणून उभी केली. पण काकांनी सगळ्यांदेखत फुंकणी उचलली आणि फुगा काढून मोकळे झाले. गोल, पातळ, नाव ठेवायला जागा नाही. "वाघ आहे वाघ," भट्टी सांभाळणारा म्हणाला. बाहेर गाडीवाल्याला वाटलं, फेरी फुकट गेली.

लेक मात्र फुग्याकडे नाही, काकांच्या फुगलेल्या गालांकडे बघत होती. लहानपणी तिच्या हातात फुंकणी देऊन बाबांनीच शिकवलं होतं, की छातीतून फुंकलंस तर दमशील. हवा गालात साठव आणि थोडी थोडी सोड. मुरलेला कारागीर अर्ध्यामुर्ध्या छातीवरही फुगा काढतो. हे तिथल्या प्रत्येकाच्या हाताला माहीत होतं, म्हणूनच कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

तिने वाद घातला नाही. हात पुसत पुढे आली आणि म्हणाली, "जाऊ दे मग गाडी. पण काका, ती जावयाच्या गाढवाची गोष्ट सांगा की."

काका खुलले. ही गोष्ट ते एका दमात सांगायचे; ऐकणाऱ्याला हसायलाही उसंत मिळायची नाही.

"एक होता जावई. त्याचं गाढव... हरवलं. तो गेला... सासऱ्याकडे. सासरा..."

आधी सगळे हसायच्या तयारीत होते. मग एकेकाचा चेहरा उतरला. काकांनी बाकाची कड धरली. सासरा काय म्हणाला ते काही बाहेर पडेना.

"गोष्ट गालांनी सांगता येत नाही, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "चला."

काका निमूट गाडीत बसले.

औषध वेळेवर सुरू झालं, प्राणवायूची नळी लागली. मधले काही दिवस काकू आणि पुतणी बाकड्यावर एकमेकींना धरून बसून होत्या. पण काका तरले. थंडी ओसरता ओसरता ते कारखान्यात आले, तेव्हा कारागिरांनी फुंकण्या एकमेकींवर आपटून असा गजर केला की रस्त्यावरची माणसं डोकावली. अंगावरचा सदरा सैल झाला होता, आवाज मात्र तोच. पुढच्या वर्षी लसीच्या रांगेत पहिला नंबर माझा, असं जाहीर करून ते खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "दादा बिचारा साध्या सर्दीने गेला. छातीचा कच्चाच तो. मी नाही मोडलो."

वर्षभर येणारा-जाणारा हेच बोलत होता, आणि दर वेळी ती मान खाली घालून काम करत राहिली होती. आज तिने मान वर केली.

"कच्चे नव्हते, काका," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "दमा, साखर, दमलेलं हृदय, एवढं ओझं घेऊन ते जन्मभर या भट्टीपुढे उभे राहिले, आणि तेवढं ओझं घेऊनच त्या तापाशी लढले. तुम्ही वेळेवर पोचलात, ते उशिरा पोचले, एवढाच फरक. माझ्या बाबांसारखा दमदार माणूस या कारखान्यात दुसरा झाला नाही."