परक्या अक्षरातला पत्ता

राजेश्री अंगणात कुरडयांवरचे कावळे हाकत बसली होती, तेवढ्यात पोस्टमन आला आणि पाकीट हातात देऊन निघूनही गेला. तिने पत्ता पाहिला. नाव तिचंच, गाव झरी, जिल्हा परभणी, सगळं बरोबर होतं. पण अक्षर बन्सीधरचं नव्हतं.

बन्सीधर तिचा नवरा, फौजेत होता. लढाईला तोंड फुटल्यापासून सरहद्दीजवळच्या छावणीत सगळ्यांचे मोबाईल जमा करून घेतले होते, म्हणून तो पत्रं लिहायचा. आतापर्यंत तीन आली होती. त्यांत लढाईचा शब्द नसायचा. लंगरात रोज राजमा असतो, मोजे तंबूच्या दोरीवर वाळवतो, नांदेडचा सिद्धोधन शेजारी घोरतो, असलंच काहीबाही. ती वाचून दाखवायची आणि सासू, पंचफुलाबाई, पोट धरून हसायची. राजेश्रीला मात्र हसू येत नसे. हा माणूस काहीतरी लपवतोय, असंच तिला वाटायचं.

आणि आता हे परकं अक्षर. वाईट बातमी अशीच येते का? तिने पाकीट उन्हाकडे धरून पाहिलं. काही दिसेना.

"कुणाचं गं?" आतून सासूने विचारलं.

"लाईटबिल हाय, आत्याबाई."

ती गोठ्यात जाऊन उभी राहिली. दोनदा पाकिटाच्या कडेला नख लावलं, दोनदा काढलं. मागून पावलं वाजली. सासूच्या कोपरापर्यंत कुरडयांचा चीक लागला होता.

"लाईटबिल घिऊन गोठ्यात कशाला आलीस? फोड ते."

राजेश्रीने फोडलं.

'वहिनी, मी सिद्धोधन. बन्सीधर सांगतोय आणि मी लिहितोय. घाबरू नका. सकाळी चहा वाटताना भोंगा वाजला, सगळे खंदकाकडे पळाले, त्या गडबडीत उकळता चहा त्याच्या उजव्या हातावर सांडला. पट्टी आहे, पंधरा दिवसांत हात बरा होईल.'

"भाजलंय निस्तं!" राजेश्री मटकन खाली बसली. रडू आवरेना.

खाली डाव्या हाताने खरडलेल्या दोन वाकड्या ओळी होत्या. 'लय भ्या वाटतंय. भोंगा झाला की बुटाची नाडी बांधता येत न्हाई. आईला सांगू नको.'

"आनखी काय लिव्हलंय?"

"काई न्हाई."

"मला वाचता येत न्हाई, पर तुजं तोंड दिसतंय की."

मग राजेश्रीने त्या ओळीही वाचल्या. सासूने हातांचा चीक गव्हाणीच्या कडेला पुसला.

"त्याला लिही," ती म्हणाली, "भ्या वाटू दे म्हनावं. भेलेला मानूस वाकून चालतो. ताठ चालू नगं म्हनावं."

राजेश्री वहीचं पान फाडून लिहायला बसली. तारीख घालताना तिने त्याच्या पत्रावरचीही तारीख पाहिली. ते पत्र नऊ दिवसांपूर्वीचं होतं. एवढ्या दिवसांत तिकडे काय झालं असेल, हे झरीत कुणाला ठाऊक नव्हतं. तिने पेन टेकवलं. पहिली ओळ दोनदा खोडली आणि शेवटी जे खरं होतं तेच लिहिलं: 'मलाबी लय भ्या वाटतंय. पत्र पोचलं की लगेच कळवा.'