शांत बाईची नाडी

परत आलेल्या वस्तू घ्यायचं काउंटर दुकानाच्या तळघरात, जिन्याखाली होतं. खिडकी नाही. इथे उतरणारा ग्राहक वरूनच बाह्या सरसावून यायचा. काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताईंनी गोदामात बदली मागितली होती. तिथली जागा रिकामी होणार होती आणि खोकी अंगावर ओरडत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मॅनेजर म्हणाले, "विद्यापीठाचं काम होऊन जाऊ दे, मग बघू."

विद्यापीठाचं काम म्हणजे डोळ्यांखाली काळं आलेली एक मुलगी. ग्राहक चिडला की काउंटरवरच्या माणसाचं काय होतं, यावर तिची पीएच.डी. चालली होती. तिने दुकानातल्या प्रत्येकाच्या मनगटाला नाडी मोजणारा पट्टा बांधला.

"घरी आणू नकोस हं तो," ताईंचा नवरा म्हणाला. "माझ्या हातून दूध उतू गेलं की फुटेल फटकन."

काही आठवड्यांनी मुलगी धावतच जिना उतरली.

"ताई, कमाल आहात तुम्ही! ग्राहक ओरडला की बाकीच्यांची नाडी वाढते, तुमची उतरते! मॅनेजरसाहेबांनासुद्धा सांगितलं मी."

ताईंनी हातातली पावती खाली ठेवली. "कुणाचं नाव सांगणार नाही म्हणाली होतीस ना?"

"नाव कुठे घेतलं? नुसतं परतीचं काउंटर म्हटलं."

"परतीच्या काउंटरवर काय पलटण बसते का गं?"

मुलीने जीभ चावली. तोवर मॅनेजर जिन्यात दिसलेच.

"ताई, गोदाम विसरा आता. हिरा कुणी अडगळीत टाकतं का? नव्या मुलींना जरा शिकवा तुमचं हे." आणि आल्या पावली वर गेले.

ताईंनी काउंटर पुसायला घेतलं. पुसता पुसता म्हणाल्या, "मी शांतबिंत नसते, बाळा. समोरचा ओरडायला लागला की मी निघून जाते. ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. हल्ली घरीही होतं तसं. परवा लेक नोकरीच्या मुलाखतीचं काहीतरी सांगत होती. रडत होती बहुतेक. मला नुसते ओठ दिसले."

मुलगी स्टूल ओढून बसली. "मी विद्यापीठात माझ्या सरांना पाठवूनसुद्धा दिलं, ताई. त्यांना इतकं आवडलंय... माझी मुदत संपत आलीय. आता नुसतं तुम्ही म्हणता म्हणून नाही ऐकणार ते. एकदा तरी तुमची नाडी वाढलेली दिसली ना, तर तुमच्या बदलीसाठी मी वर मॅनेजरसाहेबांशीही भांडेन."

"वाढवते की. चिडायला काय पैसे पडतात?"

जळकी इस्त्री घेऊन एक गृहस्थ उतरले. इस्त्री काउंटरवर आदळली. मुलीने लॅपटॉप उघडला.

"फसवता काय लोकांना? दुकान आहे का दरोडा?"

ताईंनी सगळा जोर लावला. मॅनेजरचा तो हिरा आठवला. नवऱ्याचं दूध आठवलं, सासूबाईंचे शेलके शब्द आठवले. दात आवळले, मुठी वळल्या. चीड, बाई, चीड.

गृहस्थांचे ओठ हलत होते.

ताईंनी मुलीकडे पाहिलं. पडद्यावरची नजर काढून ती उठली होती, जवळ येऊन काहीतरी सांगत होती. तिचेही ओठच हलत होते.

ताईंनी हसून मान डोलावली आणि पावतीसाठी हात पुढे केला.