कलमासाठी रदबदली

"काय गो बाय, दिसला काय?" बाबा तिसऱ्यांदा विचारत होते आणि मी सूक्ष्मदर्शकावरून डोकंच वर काढत नव्हते. काढलं असतं तर सांगावं लागलं असतं.

रत्नागिरीच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत मी मदतनीस. बाबा पावसला आत्मारामशेटच्या आंब्याच्या बागेत राबणारे. तिथलं एक कलम माझ्या जन्माच्या साली त्यांनी स्वतः बांधलेलं. दरसाल मोहोराने नुसतं लगडायचं, पण आंबा म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. शेट म्हणाले, "वांझ झाड कशाला पोसू? तोडून टाक." बाबांनी पाय धरून मुदत मागितली. "माजी शालन कालेजात हाय. दोस गावला की इलाज करू."

म्हणून मी मोहोराच्या कळ्या मेणात बसवल्या, त्यांचे पातळ काप काढले, निळ्या रंगात बुडवले.

"बाबा, कळीच्या पोटात जिच्यापासून बी व्हायचं, त्या पेशीभोवती आधी एक भिंत असते. साखरेपासूनच झालेली. वेळ आली की ती विरघळते, मग पेशीला खाणं पोचतं. आपल्या कलमाची विरघळतच नाही. बघा, निळी दिसतेय ती."

बाबांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "म्हंजे भोवती साखर, नि आत उपाशी?"

"हो."

"मंग इलाज?"

सकाळीच मी कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना विचारलं होतं. "नाही बाबा."

ते मटकन स्टुलावर बसले. राजापूरहून नवऱ्याने मला परत पाठवलं त्या दिवशीही मला घरी आणल्यावर असेच बसले होते. सासूने तोच शब्द वापरला होता, वांझ. माझे काप काढून कुणी बघितले होते म्हणा!

"येक करून बघू," बाबा म्हणाले.

आमच्याकडे न धरणाऱ्या झाडाला धाक घालतात. एकाने कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्याने झाडाच्या वतीने रदबदली करायची. रदबदलीला मी. ती भिंत डोळ्यांनी बघितलेली मी! तरी दुसऱ्या दिवशी गेले. शेटना निकाल कळला होता, ते गड्याला घेऊनच आले होते.

बाबांनी कुऱ्हाड उगारली. "धरत नायस तर तोडूनच टाकतो तुला!"

मी खोडाला मिठी मारली. "नको हो! पुढल्या साली धरेल. घरातून घालवू नका."

झाडाला कसलं घर? पण तोंडातून गेलं ते गेलं. मग मला रडू आवरेना. राजापूरला हे एवढंच कुणीतरी बोलायला हवं होतं. बाबा तेव्हा तिथेच होते, हात जोडून, गप्प.

त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. शेटनी खूण केली तशी गड्याने ती उचलली.

बाबा माझ्या शेजारी आले. खोडाला पाठ लावून उभे राहिले. भिंत त्यांनीही पाहिली होती.

"शेट," ते म्हणाले, "घालवू नका हो. पुढल्या साली धरंल."