खांद्यावरची बोटं

प्रेरणानं प्रोग्राम पुन्हा चालवला आणि पडद्यावर बापाचं नाव उमटलं : सखराम.

"हा सखराम कोन हाये व?" मागं उभ्या असलेल्या सुखरामनं विचारलं. "मी तं सुखराम आहो."

"ओळीची उंची कमी पडली, बाबा. खालचा उकार कापल्या गेला."

मोहाडीजवळच्या त्यांच्या गावातल्या मच्छीमार संस्थेसाठी ती सभासदांची यादी बनवत होती. प्रोग्राममधल्या तयार यादीच्या साच्यात नुसती नावंच बसत, म्हणून प्रत्येक ओळ ती स्वतःच रेखाटत होती. डावीकडे फोटो, उजवीकडे नाव. तिनं उंची वाढवली. उकार आला. मग फोटो चौकोनात बसवला. सुखरामचा चेहरा नीट आला, पण त्याच्या खांद्यावर आणखी कुणाची चार बोटंही आली.

बोटं धनराजची होती, तिच्या मोठेबाबांची, बापाच्या थोरल्या भावाची. तलावाच्या पाळीवर दोघा भावांनी काढलेला तो एकुलता एक फोटो. पुढं आजीच्या तेरवीत शब्दाला शब्द लागला, आणि एकाच तलावात जाळं टाकणारे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

"बोटं पुसून टाकते," प्रेरणा म्हणाली.

"राहू दे." सुखराम पडद्याजवळ वाकला. "त्याचं नाव माह्याजवळच येते ना?"

"नाही. अक्षरानं लागतात नावं. ध वर राहते, स पार खाली."

तो दुपट्ट्याच्या टोकानं पडद्यावरची धूळ पुसत राहिला. धूळ नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन ती धनराजकडे फोटो मागायला गेली. लहानपणी ती घरापुढच्या याच सपरीतल्या खाटेवर झोपी जायची. आज खाटेच्या कडेला टेकून बसली. धनराजनं आतल्या भिंतीवरून फ्रेम उतरवून आणली. तोच फोटो. तिनं मोबाइलमध्ये तो टिपला आणि यादीत बसवला. चेहरा आला. हात कोपराशीच तुटला.

"माहा हात कुठं गेला?"

"चौकटीत एकच मानूस मावते, मोठेबाबा. हात बाबाच्या फोटोत आहे."

"मंग पुसून टाक म्हनला असन तो."

"नाही. राहू दे म्हनले."

धनराजनं पडद्यावरच्या तुटलेल्या कोपराशी बोट टेकवलं. मग फ्रेम तशीच खाटेवर ठेवून तो उठला, खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला आणि बटणं लावता लावता म्हणाला,

"जेवला असन काय व तो?"