सपाट झालेली पानं

डॉक्टरांनी बाईंना खोटा दिलासा दिला नाही, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. "थरथर वाढत जाणार. बारीक काम करण्याजोगा हात सहा महिने राहील, फार तर सात," एवढंच ते म्हणाले. बाईंनी पिशवी उचलली, घरी आल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं. रडायला नव्हे, कामाला बसायला.

बाई म्हणजे अंध मुलांच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका. निवृत्त होऊनही वीस वर्षं झाली होती, पण त्यांचा पहिला विद्यार्थी दोन गल्ल्या सोडून राहत होता. तोही आता साठीला टेकला होता. चर्चमध्ये त्याने चाळीस वर्षं पेटी वाजवली, म्हणून लहानथोर सगळे त्याला पेटीमास्तर म्हणत. डोळे जन्मापासूनच नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका तापात कानही गेले आणि पेटी बंद झाली. जगाशी बोलायला उरली ती बोटं. त्याच्याजवळचं ब्रेलमधलं शुभवर्तमान वाचून वाचून इतकं झिजलं होतं की ठिपके बोटाला लागत नव्हते. मागवलेली नवी प्रत येता येत नव्हती. तेव्हा बाईंनी मनोमन प्रभूला शब्द दिला, हात आहेत तोवर मी त्याला सगळं शुभवर्तमान टोचून देईन. मास्तरला त्यांनी ब्रेलमध्ये टोचलेली एक ओळीची चिठ्ठी धाडली, 'नवं पुस्तक येतंय.' तेव्हापासून तो वाटेकडे कान लावून, नाही, बोटं लावून बसला होता.

ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवायचा आणि पाटीच्या घराघरात टोच्याने एकेक ठिपका मागून दाबायचा. लिहायचं उजवीकडून डावीकडे, सगळं उलटं. कागद पालटला की अक्षरं सुलट होऊन बोटाखाली येतात. एक ठिपका भलतीकडे पडला की पान गेलं. थरथरत्या हाताला एक पान म्हणजे अख्खी सकाळ.

उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही बाईंच्या आईची शिकवण. म्हणून घरात त्यांनी चकार शब्द काढला नाही. घरात होतं तरी कोण? मुलगा फिरतीच्या नोकरीवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. आणि आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून. सून लाँड्रीत इस्त्रीच्या यंत्रावर होती. घरी यायची ती बोलायला आसुसलेली.

"आई, चहा टाकू? दोघींचा?"

"टाक, आणि माझा दाराशी ठेव. मला वेळ नाही गं."

"आज की नाही, एक नवरदेव आला होता. त्याच्या कोटाच्या खिशात..."

"उद्या सांग."

तो उद्या काही उगवला नाही. नवरदेवाच्या खिशात काय निघालं ते बाईंना कधीच कळलं नाही. आपला एकही क्षण वाया जात नाही, याचं त्यांना मनातून समाधानच वाटत होतं.

पाचव्या महिन्याअखेर पहिला भाग पुरा झाला. चौसष्ट पानं. ठिपक्यांमुळे गठ्ठा फुगला आणि पुठ्ठ्याच्या बांधणीत बसेना. "फुगलीत मेली, बसतच नाहीत!" शनिवारी सकाळी बाई स्वतःशीच करवादल्या. दुपारी चर्चचे पाळकसाहेब मास्तरसाठी पुस्तक न्यायला येणार होते. आल्यावर काहीतरी करू, असं म्हणून गठ्ठा टेबलावर ठेवून त्या दवाखान्यात गेल्या. तिथे ही मोठी रांग. परतल्या तेव्हा टेबल रिकामं होतं आणि सून दारात हसत उभी.

"पाळकसाहेब येऊन गेले, आई. त्यांना दिलं मी."

"अगं, पण ते बसत नव्हतं ना?"

"आता बसलं! मी ऐकलं सकाळी तुमचं बोलणं. तुम्ही गेल्यावर लाँड्रीत नेलं आणि एकेक पान प्रेसखालून काढलं. काय ते कागद, अंगभर पुरळ उठल्यासारखे! भरतकामाचे टोचलेले नमुने ना? चादरीसारखे सपाट करून दिले बघा."

बाईंनी खुर्ची धरली. मग जे तोंडातून बाहेर पडलं, ते तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईच्या तोंडचं नव्हतं. "अक्कल गहाण टाकून आलीस का या घरात? ते ब्रेल होतं! पाच महिने माझे! त्यापेक्षा माझे हात तोडले असतेस!"

सून पांढरीफटक पडली. "मला कुणी सांगितलं होतं का, आई?" ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात पाळकसाहेबच धापा टाकत दारात परत आले.

"बाई, लवकर चला. मास्तरांनी एकूण एक पान चाचपलं. मग ओरडायलाच लागले. म्हणतात, जुनं पुस्तक बोटाला लागेना तेव्हा मी म्हणायचो, पुस्तक झिजलं. आता नवं कोरंही लागत नाही, म्हणजे माझी बोटंच मेली. त्यांनी बोटं चावून रक्त काढलंय. कान नाहीत हो त्यांना, सांगू कसं?"

बाईंनी पाटी, टोचा आणि कागद पिशवीत कोंबले. दोन गल्ल्या त्या कशा चालल्या, देवाला ठाऊक. प्रार्थना करायला गेल्या तर एकच वाक्य येत होतं, 'मी काय केलं? मी काय केलं?'

मास्तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून, मुठी काखेत घालून बसला होता. कुणी शिवलं की झटकून टाकत होता. बाईंनी स्टुलावर पाटी मांडली. पहिला कागद फाटला. दुसऱ्यावर टोचा घसरला. तिसऱ्यावर तर हात असा उडाला की पाटीच खाली पडली. डॉक्टरांच्या हिशेबाने महिनाभर उरलेला तो हात आजच संपला होता.

बोलावलं नव्हतं, तरी सून मागोमाग आली होती आणि उंबऱ्यातच थांबली होती. बाईंनी मान वर केली.

"इकडे ये. तुझा हात थरथरत नाही."

"मला येत नाही, आई."

"मला तरी बोलायला कुठे येत होतं? बस. मी सांगेन त्या घरात दाब. उजवीकडून सुरू कर."

"उलटं?"

"सगळं उलटं. आजचा दिवसच उलटा आहे."

एकेक ठिपका सांगत, खोडत, पुन्हा सांगत अर्ध्या तासात दोन शब्द झाले. बाईंनी मास्तरची मूठ दोन्ही हातांनी उकलली. आठ वर्षांचा असताना तो रुसला की अशीच उकलावी लागायची. रक्ताळलेलं बोट त्यांनी कागदावर ठेवलं आणि सोडलं नाही.

बोट तसंच पडून राहिलं. मग सरकलं.

"बो... टं..." बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, बेसूर आवाजात मास्तर म्हणाला. "आ... हेत." त्याने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. पाळकसाहेबांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"पण बाई, हे तुमचं लिहिणं नव्हे," मास्तर ओरडला. "लोहाराने घण घातलेत का?"

सून हसली आणि हसता हसता हमसून रडू लागली.

"रडू नकोस, कागद भिजेल," बाई म्हणाल्या. "पुढे लिही. पुस्तक सपाट झालं. चूक माझी."

सुनेचा हात थबकला. "तुमची का? माझी लिहू द्या ना, आई."

"सांगते ते लिही."

मास्तरने वाचलं. बाईंना त्याची छाती दिसत होती, भात्यासारखी वरखाली होणारी. तापाने तिथेही घर केलं होतं. त्याने विचारलं, "मग पुन्हा केव्हा?"

काय लिहायचं? बाईंचे हात मांडीवर फडफडत होते. सुनेला अजून 'अ' धड येत नव्हता. अख्खं शुभवर्तमान या जन्मात होणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. "लिही," त्या म्हणाल्या. "माहीत नाही."

"बरं," मास्तर म्हणाला. "मग आज एक ओळ तरी द्या."

"लाँड्री आठला उघडते," सून नाक पुसत म्हणाली. "मी रोज सातला इथे येऊ शकेन. तुम्ही आलात तर."

"येईन की. वाटेत बोलत जाऊ."

बाईंनी मनातल्या मनात पुन्हा महिने मोजायला घेतले आणि अर्ध्यावर सोडून दिले. सुनेने नवा कागद पाटीत अडकवला होता आणि ती विचारत होती, "आई, पहिलं अक्षर?"