परीक्षक क्रमांक अकरा

घरी मी त्यांची सून आणि ऑफिसात त्यांची वरिष्ठ. हा घोळ मीच घातला, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही.

माझे सासरे अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. पहिले काही महिने त्यांनी आमच्या घराचीच शाळा केली. वाणसामानाच्या यादीवर लाल पेनाने खुणा, विजेच्या बिलाची बेरीज पुन्हा करून खाली सही. आम्ही वैतागायचो. मग हळूहळू तेही थांबलं. दाढी चार-चार दिवस तशीच, पेपर घडी न मोडता पडलेला. तेव्हा मात्र घाबरलो. नवरा म्हणाला, "अगं, तुमच्याकडे परीक्षक लागतात ना? बाबांना घे की." मी घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी बाबा गुळगुळीत दाढी करून माझ्या आधी दारात उभे राहिले.

आमचं काम असं. दर काही वर्षांनी सत्तावन्न देशांतली पंधरा वर्षांची मुलं एकच परीक्षा देतात आणि कोणत्या देशाच्या शाळा किती पाण्यात आहेत याचा तक्ता लागतो. मागच्या खेपेला आम्ही एकेचाळिसावे आलो. त्याचं कुणाला फार वाटलं नाही, पण शेजारचा देश चाळिसावा आला हे सगळ्यांच्या जिव्हारी लागलं. आमच्या साहेबांनी अहवालात लिहिलं की परीक्षेच्या दिवशी थंडी होती आणि पेन्सिली बोथट होत्या. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. थंडी शेजारच्यांकडेही होतीच की.

तपासणीत प्रत्येक उत्तर दोन परीक्षक एकमेकांचं न बघता तपासतात. जाड मार्गदर्शिकेत बरोबर उत्तर छापलेलं असतं, त्याप्रमाणे एक द्यायचा किंवा शून्य. शंभरातल्या पंचाऐंशी उत्तरांवर दोघांचं जुळलं पाहिजे. ज्याचं जुळत नाही त्याला दोन आठवड्यांनी घरी पाठवायचं, आणि पाठवायचं काम माझं.

पहिल्या आठवड्याअखेर परीक्षक क्रमांक अकरा, म्हणजे आमचे बाबा, एकाहत्तरवर होते.

कारण मला लगेच कळलं. बाबांना शून्य देता येत नाही. मुलाने काहीतरी लिहिलंय म्हणजे त्यामागे काहीतरी विचार असणार, असं ते धरून चालतात आणि तो सापडेपर्यंत पान सोडत नाहीत. इतर परीक्षक तासाला साठ उत्तरं उडवतात. बाबा वीस करतात, आणि मध्येच "अरे वा" म्हणतात. शेजारच्या टेबलावरच्या बाई वैतागून खिडकीपाशी जाऊन बसल्या.

शनिवारी मी त्यांना घरी स्वयंपाकघरात शिकवणीला बसवलं. मी भाजी चिरत होते, ते समोर.

"बाबा, मुलगा लिहितो, त्रिकोणाला चार बाजू असतात. किती?"

"चौथी कुठली म्हणतोय तो?"

"कुठलीही असो. किती?"

"आधी आकृती बघू दे. कधीकधी मुलं लंब मोजतात गं."

"शून्य, बाबा. म्हणा बघू शून्य."

"शून्य," ते म्हणाले, पण असे, जणू मी त्यांच्याकडून दुसऱ्याच्या घरची काच फोडून घेत होते. नवरा दारातून हसला. मला हसू येईना. शुक्रवारी पंचाऐंशी झाले नाहीत तर यांना घरी पाठवायचं होतं, म्हणजे पुन्हा ती वाढलेली दाढी आणि तो घडी न मोडलेला पेपर. आकड्यांत हात मारायचा मोह मला झाला नाही असं मी म्हणणार नाही. संगणक माझ्याच टेबलावर होता.

शुक्रवार उजाडला. एकोणऐंशी.

साहेबांनी कमी करायच्या लोकांची यादी मागितली. मी तिच्यात अकरा नंबर स्वतःच्या हाताने लिहिला आणि बाबांना केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसात ते मला मॅडम म्हणतात, आणि त्या दिवशी ते ऐकवत नव्हतं.

"मॅडम, एकोणऐंशी ना? मीही तेवढेच मोजले होते," ते म्हणाले. "सून आहे म्हणून ठेवून घेतलं असतंस, तर मलाच लाज वाटली असती. फक्त जायच्या आधी हे बघून घे."

त्यांनी वही उघडली. तीत त्रेचाळीस उत्तरपुस्तिकांचे क्रमांक ओळीने लिहिलेले होते. सगळ्यांत एकच प्रश्न: बागेची आकृती दिली आहे, तिला चारही बाजूंनी कुंपण घालायला किती मीटर तार लागेल? मार्गदर्शिकेत उत्तर अठ्ठेचाळीस. या त्रेचाळीस मुलांनी लिहिलं होतं अठ्ठावीस.

"चूक आहे की," मी म्हटलं.

"तेच तर. वेगवेगळ्या गावांतली त्रेचाळीस मुलं एकच चूक करतात? मला अडतीस वर्षांत अशी शिस्तीची मुलं भेटली नाहीत. म्हणून मी पुस्तिका उघडून आकृतीच बघितली."

मीही उघडली. मार्गदर्शिकेतल्या आकृतीत बाग अठरा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद होती. आमच्या छापखान्यातून आलेल्या या पुस्तिकांत अठरातला एक उमटलाच नव्हता. नुसता आठ. आठ आणि सहा चौदा, दुप्पट अठ्ठावीस. मुलांनी अगदी चोख हिशेब केला होता, आणि आमच्या खोलीतल्या बाबा सोडून सगळ्यांनी मार्गदर्शिकेकडे बघून त्यांना बिनदिक्कत शून्यं दिली होती. त्या शून्यांवर बाकी सगळ्यांचं शंभर टक्के जुळत होतं. आणि मी आठवडाभर त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी पांढरे पडले आणि मग कॅल्क्युलेटर शोधू लागले. परीक्षा घेणाऱ्या मुख्य केंद्राने संध्याकाळपर्यंत कळवलं की तुमच्या देशापुरता हा प्रश्नच मोजणीतून वगळा. साहेबांनी हिशेब केला आणि टेबलावर थाप मारली. शेजारी मागे पडण्याची शक्यता होती.

"तुमच्या सासऱ्यांना ठेवा," ते म्हणाले. "ती त्रेचाळीस उत्तरं त्यांची जुळली असं धरून टक्के पुन्हा काढा."

मी काढले. ते त्र्याऐंशी निघाले.

"पंचाऐंशी करून टाका हो."

"नाही करणार," मी म्हटलं. माझा आवाज वाजवीपेक्षा चढला, कारण तोच मोह मी सकाळी गिळला होता. "पण साहेब, छपाईतल्या चुका अजून असतील. दिलेली सगळी शून्यं पुन्हा वाचायला कुणीतरी हवं. नऊ हजारांवर आहेत. हे एक किंवा शून्य देण्याचं काम नाही, नुसतं वाचून मूल असं का म्हणतंय ते शोधायचं. त्याला टक्केवारी लागत नाही."

"नऊ हजार शून्यं? कोण वाचणार बाबा?"

"तेच. पण ते माझे सासरे आहेत, तेव्हा सांगायचं तर तुम्ही सांगा."

साहेबांनी सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि विचारायला हवं म्हणून विचारलं, की लाल पेन चालेल का.

परतताना आम्ही बस थांब्यावर उभे होतो. खुशीत शीळ घालता घालता ते थांबले. "त्या त्रेचाळीस जणांना आता एकेक मार्क मिळेल ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही, बाबा. प्रश्नच काढून टाकला."

"बरं. पण निदान कळवणार असाल, की बाळांनो, तुमचं बरोबर होतं."

"कळवता येत नाही. पुस्तिकेवर नावं नसतात. या परीक्षेचे मार्क कुठल्याच मुलाला कळत नाहीत. फक्त देशाचे कळतात."

 आता हे म्हणतील, मग कशाला वाचायचं, असं मला वाटलं आणि सांगितल्याचा पश्चात्ताप झाला.

"शाळेत मार्क कमी पडले की पोरगं टेबलाशी येऊन भांडायचं," ते म्हणाले. "सर, हे बघा, मी असं केलंय. दहातली तीन भांडणं तर मी हरायचो. आणि यांना बिचाऱ्यांना भांडायचीसुद्धा सोय नाही."

बस आली. त्यांनी मला आधी चढू दिलं आणि मागून म्हणाले, "सोमवारी जरा लवकर निघू, सूनबाई. नऊ हजार जण ताटकळलेत."